सावलीकडची द्राक्षं

आमच्या खोऱ्यात पूर्वी मुलगी बघायला जाताना तिच्या गावाला ऊन किती वेळ असतं ते आधी विचारायचे. ज्या उतारावर दुपारभर ऊन, तिथली द्राक्षं गोड आणि तिथली माणसं मोकळी. ज्या दरीत तीन वाजताच डोंगराची सावली पडते, तिथली द्राक्षं आंबट आणि माणसं घुमी. निदान आमच्याकडची म्हातारी माणसं तरी असं म्हणायची, कारण आमचं गाव हिनाता, म्हणजे उन्हाकडचं. नदीच्या काठाकाठाने घाटाच्या दिशेने चढत गेलं की हिकागे लागतं. ते सावलीकडचं. इत्सुको तिथली. लग्न होऊन ती माझ्या शेजारी, फुरुयांच्या घरात आली, आणि तिच्या सासूने पहिल्याच वर्षी मला ऐकवलं, "सावलीत वाढलेली पोर. गोडी कुठून यायची?"

सासू अशी तोंडाची तिखट होती. सासरे, तोकुजी, तसे नव्हते. त्यांना अभिमान एकाच गोष्टीचा होता, त्यांच्या बागेचा. हिनाताचा उतार नैर्ऋत्येला तोंड करून आहे. खाली नुसते दगडगोटे, पाणी क्षणभर ठरत नाही. दिवसभर तापलेले दगड दिवेलागणीपर्यंत ऊब देत राहतात आणि मग घाटावरून थंड वारा उतरतो. "दिवसा भट्टी आणि रात्री विहीर," तोकुजी म्हणायचे. "कोशूला दुसरं काय लागतं?" कोशू हे आमच्याकडचं द्राक्ष. धड पांढरं नाही, धड काळं नाही, जुनं रेशमी कापड विटल्यावर होतं तशा जांभळट गुलाबी सालीचं. तोकुजींच्या मांडवाखालचे घड सप्टेंबरच्या उन्हात आतून दिवा लावल्यासारखे दिसत. गावच्या सहकारी वाइनरीत त्यांच्या द्राक्षांचं पिंप वेगळं ठेवत. ती वाइन गोलसर, पिकल्या नाशपातीच्या वासाची, घोटाबरोबर तोंडभर पसरणारी. लग्नकार्यात पाहुण्यांसमोर तीच यायची.

इत्सुकोचे वडील दर नवीन वर्षाला हिकागेच्या वाइनची एक मोठी बाटली पाठवत. तोकुजी ती दोन्ही हातांनी घेत, मान लववत, आणि बाटली थेट स्वयंपाकघरात जाई. मासे शिजवायला बरी पडते, असं सासू म्हणे. मासे चढवायच्या आधी इत्सुको चहाच्या पेल्यात थोडी स्वतःसाठी काढून ठेवायची. एकदा तिने मलाही दिली. जीभ आकसली, डोळे मिटले गेले, आणि मग मागाहून युझू लिंबाच्या सालीत नख रुतवल्यावर येतो तसा वास आला. मी म्हटलं, "आंबट आहे गं." ती म्हणाली, "आमच्याकडे सकाळी असाच वास असतो. थंडीचा." मला तेव्हा ते समजलं नव्हतं.

वर्षं गेली. सासू गेली. इत्सुकोची मुलगी काओरी नागोयाला नोकरीला लागली आणि तिकडचीच झाली. मग एका वसंतात, छाटणी संपवून दोन दिवस झाले नव्हते, तेव्हा इत्सुकोचा नवरा मासाहारु अंगणात चप्पल घालता घालता खाली बसला तो उठलाच नाही. घरात उरले शहाऐंशी वर्षांचे तोकुजी आणि साठी ओलांडलेली इत्सुको. रक्ताचं नातं नाही आणि बोलायची सवयही नाही, कारण इतकी वर्षं दोघांचं बोलणं मासाहारुमार्फत चालायचं. 'बाबांना सांग', 'तिला सांग'. आता मधला माणूसच नव्हता. संध्याकाळी दोघं टीव्हीवर हवामानाचा अंदाज बघायची आणि तेवढंच बोलायची.

"उद्या पाऊस म्हणतायत."

"हो का."

"घडांवरच्या कागदाच्या टोप्या तपासायला हव्यात."

"मी बघते, बाबा."

काओरी दर रविवारी फोन करून आईला नागोयाला बोलवायची. गावात सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं की वर्षश्राद्ध झालं की इत्सुको जाईल आणि म्हाताऱ्याला वृद्धाश्रमात ठेवतील. वर्षश्राद्ध झालं. ती गेली नाही. का, ते कुणी तिला विचारलं नाही, मीही नाही.

त्यानंतरचा उन्हाळा माझ्या आठवणीतला सगळ्यात वाईट. दिवसाच्या उन्हाचं आम्हाला काही नाही, आमचं खोरं म्हणजे कढईच आहे. पण रात्री गारच होईनात. पहाटे तीनला उठून बाहेर यावं तर दगडांना हात लावला की अजून कोमट. घाटावरून वारा यायचा, पण तोही निम्म्या वाटेत दमल्यासारखा. हिनाताचे घड रंगच धरेनात. राखाडी हिरवे राहिले आणि तसेच नुसते गोड होत गेले.

सप्टेंबरच्या मधल्या आठवड्यात ओगिहारा आला. सहकारी वाइनरीत वाइन करणारा तोच, चाळिशीचा, चोवीस तास रबरी बुटात. मी माझ्या मांडवाखाली होते. दोन्ही बागांमध्ये नुसती एक तार, त्यामुळे पलीकडचं सगळं ऐकू येतं. त्याने चार-पाच ठिकाणचे मणी तोंडात टाकले आणि साली तळहातावर थुंकून बघितल्या.

"साखर भरपूर आहे, बाबा," तो म्हणाला.

"पुढचं बोल."

"मागे काही उरत नाही. चव येते आणि निघून जाते. रात्री थंड नसल्या की आंबटपणा वेलीवरच जळतो. सगळ्यांचंच झालंय असं. तुमचंच नाही."

"म्हणजे?"

"यंदा सगळ्यांबरोबर मोठ्या टाकीत घालतो. चालेल ना?"

"मला काय विचारतोस," तोकुजी म्हणाले. "टाकी तुझी आहे." मग त्याच्यासाठी आणलेला चहा त्यांनी स्वतःच पिऊन टाकला. त्यांच्या लक्षातही आलं नाही.

तोडणी झाली आणि तोकुजींनी बागेत जाणं सोडलं. जेवणातलं अर्धं ताटात राहायला लागलं. दिवसभर ओसरीवर बसून उताराकडे पाठ करून नदीकडे बघायचे.

नेमका त्याच सुमाराला इत्सुकोच्या भावाचा, एसाकुचा, फोन आला. त्याचं खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. बायको आधीच गेलेली, मूलबाळ नाही. तो म्हणाला, यंदाची तोडणी झाली की मांडव कापून टाकतो, बाबांनी लावलेले वेल आहेत, तुला शेवटचे बघायचे असले तर ये. हिकागेची द्राक्षं आमच्यापेक्षा तीन-तीन आठवडे उशिरा येतात. सप्टेंबर सरत आला तरी तिकडे घड वेलीवरच होते, आणि बघायला कुणी नव्हतं.

इत्सुको रोज पहाटे छोटा ट्रक घेऊन हिकागेला जायला लागली. कुजलेले मणी काढायचे, फाटलेल्या टोप्या बदलायच्या, डुकरांसाठी लावलेली तार बघायची. सासऱ्यांना तिने सांगितलं की वाइनरीत बाटल्या धुवायला जाते. मला खरं सांगितलं.

"लपवतेस कशाला?" मी म्हटलं.

"त्यांची द्राक्षं मोठ्या टाकीत गेली, शिगेको. अशा वेळी मी कुठल्या तोंडाने सांगू, की माझ्या माहेरची छान रंगलीत म्हणून? तू पण बोलू नकोस कुणाला."

मी बरं म्हटलं. चार दिवसांनी तोकुजी माझ्या मागच्या दाराशी उभे.

"शिगेको, मिसो आधी घालायचं की नंतर?"

"कशात?"

"सूपमध्ये."

"गॅस बंद केल्यावर. उकळलं की चव जाते."

"मग कालचं तसं का झालं ते कळलं," ते म्हणाले आणि वळले. मग परत फिरून, "आणि भात? पाणी बोटाच्या पेरापर्यंत म्हणतात, ते कुणाच्या बोटाच्या?"

ज्या माणसाने जन्मात स्वतःचा पेला विसळला नव्हता, तो दहा-बारा दिवसांत भात, सूप आणि भोपळा घालून जाड शेवया करायला शिकला. शेवया चिखलासारख्या व्हायच्या, पण व्हायच्या. कपडे धुवायला लागले. वाळत घालताना बाह्या उलट्याच ठेवायचे. मी विचारलं, "हे कशासाठी आता?"

त्यांनी माझ्या अंगणातल्या मातीकडे बोट दाखवलं. "तिच्या बुटांना काळी माती असते," ते म्हणाले. "आपल्याकडे काळी माती नाही. वाइनरीत तर मातीच नाही. हिकागेला जाते रोज. राहायला जायचं ठरवत असेल, भाऊ आजारी आहे, घर आहे. बरोबरच आहे. पण मी असा लोळागोळा होऊन बसलो तर ती निघायची नाही. तिचा स्वभाव नाही तो. तिला दिसायला हवं, की म्हातारा एकटा राहू शकतो."

"बाबा, ती कुठे जात नाहीये."

"तुला सांगितलंय तिने तसं?"

मी इत्सुकोला शब्द दिला होता ना.

"मग झालं तर. तूही काही बोलू नकोस," ते म्हणाले.

त्याच आठवड्यात इत्सुको मुळे द्यायला आली आणि मुळे देऊन झाल्यावरही दारातच उभी राहिली. "बाबांनी काल माझा एप्रनसुद्धा धुतला," ती म्हणाली. "मी स्वयंपाकाला लागले की म्हणतात, राहू दे, मी करतो. परवा म्हणाले, नागोयाला जाऊन ये हवे तितके दिवस, माझी काळजी नको. इतकी वर्षं झाली, मला कधी परकं वाटलं नव्हतं गं. सासूबाई बोलायच्या तेव्हासुद्धा नाही. आता वाटतंय. त्यांना मी घरात नको असेन का?"

दोघांनीही माझं तोंड बांधून ठेवलं होतं. मी तिला आत बसवून चहा पाजला. माझा नवरा रात्री म्हणाला, दोघांना एका खोलीत कोंडून बाहेरून कडी घाल. सल्ला वाईट नव्हता.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात वादळाची बातमी आली. समुद्रावरून वळून थेट आमच्यावर येणार होतं. एसाकुने घाबरून घरच्या फोनवर फोन केला, आणि तो उचलला तोकुजींनी. त्या बिचाऱ्याला काय माहीत, की घरात कुणाला काही सांगितलेलं नाही. "इत्सुकोला सांगा, उद्याच तोडावी लागतील," तो म्हणाला. "परवा वादळ येतंय. मला तर उभंही राहता येत नाही. ती एकटी रोज येते, जीव टाकते, पण एका दिवसात एकटीने कसं होणार?"

"सांगतो," तोकुजी म्हणाले आणि फोन ठेवून माझ्याकडे आले. "शिगेको, उद्या पहाटे मोकळी आहेस का? कात्री घेऊन ये."

पहाटे मी गेले तेव्हा ते ट्रकमध्ये बसलेले होते. डोक्याला टॉवेल बांधलेला, मांडीवर कात्री आणि रुमालात गुंडाळलेला एक डबा. इत्सुको बाहेर आली आणि जागच्या जागी थांबली.

"बाबा, कुठे निघालात?"

"तुझ्या माहेरी. एसाकुचा फोन होता. आजच तोडायची आहेत."

तिने दार उघडून गाडी चालू केली. तिघं एका बाकावर दाटीवाटीने बसलो आणि सगळ्या वाटेत फक्त तोकुजी एकदा बोलले, "सेकंडवर घे, चढ आहे."

इतक्या वर्षांत ते हिकागेला पहिल्यांदाच येत होते. लग्नाची बोलणीसुद्धा आमच्याकडेच झाली होती. आम्ही पोचलो तेव्हा दरीत निळसर काळोख होता आणि श्वासाची वाफ दिसत होती. एसाकु काठी घेऊन उलट्या क्रेटवर बसला होता. उठायची धडपड करायला लागला तसं तोकुजींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं.

तिथला मांडव बुटका. तोकुजींना मान वाकवून आत शिरावं लागलं. कितीतरी वेळ ते नुसतेच हिंडले. मूठभर माती उचलून चोळली. घाटातून येणारा वारा सरळ मांडवाखालून वाहत होता, त्यासमोर हात धरून पाहिला. नऊच्या सुमाराला समोरच्या डोंगरावरून ऊन आलं, एकदम, खिडकी उघडल्यासारखं, आणि घड दिसले. छोटे होते, विरळ होते, पण प्रत्येकाची साल गडद गुलाबी. तसा रंग आमच्याकडे यंदा कुणी पाहिला नव्हता.

तोकुजींनी एक मणी तोंडात टाकला. इत्सुको घड कापायची थांबली होती.

"आंबट?" तिने विचारलं.

"आंबट आहे," ते म्हणाले. मग दुसरा खाल्ला. साल दातांत धरून बराच वेळ चघळत राहिले. "पण जात नाही. राहते." आणि कात्री उघडून कामाला लागले.

दुपारी त्यांनी रुमालातला डबा उघडला. भाताचे गोळे त्यांनीच केले होते, आत छोटी खारवलेली कुरकुरीत आलुबुखारं घालून. दोन गोळे सारख्या आकाराचे असतील तर शपथ. एसाकु एक उचलून म्हणाला, "ताई, हे तू केलेस?"

"बाबांनी," इत्सुको म्हणाली. डब्याकडे बघत असतानाच तिचा आवाज बदलला. "बाबा, एक विचारू? मी घरातून जावं असं तुम्हाला वाटतं का? तसं असेल तर स्पष्ट सांगा. नुसतं कपडे धुऊन, स्वयंपाक करून दाखवू नका. मला ते सोसत नाही."

तोकुजींनी हातातला गोळा डब्यात ठेवला. "मला वाटलं, तुला जायचंय," ते म्हणाले. "मी आडवा यायला नको म्हणून शिकत होतो."

"कुठे जायचंय मला?"

"इथे."

"इथे मी वेल बघायला येत होते. एसाकु तोडणार म्हणून."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

एसाकु कधी हिच्याकडे, कधी त्यांच्याकडे बघत होता. मी पाण्याची बाटली शोधायचा बहाणा करून उठले, पण फार लांब गेले नाही. इत्सुको रडत होती की हसत होती ते तिलाही सांगता आलं नसतं. तोकुजींनी डोक्याचा टॉवेल सोडून तिच्यापुढे धरला. तिने त्याने तोंड पुसलं. मग त्यांनी तोच परत डोक्याला बांधला.

"शेवया फार वाईट होतात का?" त्यांनी विचारलं.

"फार," ती म्हणाली. "मासाहारु असता तर तुम्हाला सांगितलं असतं त्याने."

"त्याच्याही वाईटच व्हायच्या."

त्याचं नाव त्या दोघांच्या तोंडी एकमेकांसमोर मी पहिल्यांदा ऐकलं.

शेवटचा क्रेट ट्रकमध्ये चढवला तेव्हा तीन वाजून गेले होते आणि डोंगराची सावली उतरली होती. तोकुजी एसाकुसमोर उकिडवे बसले. "मांडव कापू नका," ते म्हणाले.

"बघणार कोण, बाबा?"

"ही बघेल. मी हाताशी असेन."

"आणि हिनाता?" इत्सुको म्हणाली. "दोन दोन बागा या वयात?"

"वरची पट्टी शिगेकोच्या नवऱ्याला देऊ कसायला. त्याला केव्हापासून हवी आहे."

मी चमकले. ही गोष्ट मी कधी कुणाजवळ काढली नव्हती. "तार ओलांडून बघत असतो तो," तोकुजी म्हणाले, "मला काय दिसत नाही? ऊन सोसणारी काळी द्राक्षं लावा तिथे. रात्री पुन्हा गार व्हायची वाट बघत बसायला माझ्याकडे वेळ नाही."

"ती तुमची बाग आहे, बाबा," इत्सुको म्हणाली.

"खालची पट्टी आहे की. तिच्यात माझा दिवस जाईल." एवढं म्हणून ते उठायला लागले आणि गुडघे धरले म्हणून तिने काखेत हात घालून त्यांना उठवलं.

दुसऱ्या दिवशी वादळ आलं आणि हिकागेच्या मांडवाचा एक खांब घेऊन गेलं. द्राक्षं तोवर ओगिहाराकडे पोचली होती. त्याने मणी चाखला आणि एक पिंप वेगळं काढलं. वाइन न गाळता हिवाळाभर तळाला बसलेल्या गाळावरच ठेवली. हा आंबटपणा असा ठेवला तरच अंग धरेल, असं त्याचं म्हणणं. मार्चमध्ये तो पहिली मोठी बाटली घेऊन आला. आम्ही फुरुयांच्या ओसरीवर चहाच्या पेल्यांतून प्यायलो. साखरेचा मागमूस नाही, आधी गार, मग तो युझूच्या सालीचा वास, आणि शेवटी जिभेच्या कडांवर किंचित कडसर काहीतरी रेंगाळणारं. त्या वासात मला हिकागेची ती पहाट आठवली आणि इत्सुको त्या पहिल्या पेल्याच्या वेळी काय म्हणाली होती ते उमगलं.

"कशी आहे, बाबा?" ओगिहाराने विचारलं.

"मला अजून हिनाताचीच आवडते," तोकुजी म्हणाले. "जुनी हिनाता. आतड्यापर्यंत ऊन जायचं." मग इत्सुकोकडे बघून, "पण ही चांगली आहे. खोटं बोलत नाही ही." इत्सुकोने मान हलवली. तिला ते लागलं नाही. तिलाही जुनी हिनाता आवडायची.

आज हिनाताच्या वरच्या पट्टीत आमचा मुलगा काळी द्राक्षं लावून बसलाय. वेलींचं तिसरं वर्ष चालू आहे, अजून वाइनचा पत्ता नाही. खालच्या पट्टीतले तोकुजींचे कोशू मोठ्या टाकीतच जातात. एखाद्या साली रात्री बऱ्या गेल्या की थोडा रंग धरतात, मग ते मला तारेवरून हाक मारून दाखवतात. काओरी अजून रविवारी फोन करते. मागच्या खेपेला तोकुजींनी उचलला. "आई कामात आहे," म्हणाले. "तूच ये. जुलैत ये, टोप्या घालायला माणसं कमी पडतात."

ती खरंच आली. मीही गेले होते. हिकागेचा मांडव बुटका, त्यामुळे तोकुजी क्रेटवर बसल्या बसल्या हात वर करून घडांना कागदाच्या टोप्या घालतात. बोटं थरथरतात, टोपी तिरकी बसते, चिमटा अर्धाच लागतो. काओरी त्यांच्या मागून जात एकेक टोपी सरळ करायला लागली, तशी इत्सुकोने तिचा हात हलकेच धरला आणि तिला पुढच्या ओळीत नेलं.

"पण आई, त्या पडतील," काओरी कुजबुजली.

"पडल्या तर पडल्या," इत्सुको म्हणाली. "मी उद्या येणारच आहे."